लेखकाचं नाव नसलेला उतारा

गोऱ्या राज्यकर्त्याची नजर पहिल्या वाक्यातच ओळखू येते, असं आमचे सर एक हात वर करून सांगत. काल बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि ते वाक्य आठवलं. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या कॉलेजात आम्हाला आफ्रिकेवरच्या कादंबऱ्या अभ्यासाला होत्या. एका चाचणीत सरांनी लेखकाचं नाव काढून उतारा दिला: नदीकाठी मासळी वाळते आहे, दुर्गंधीने श्वास कोंडतो आहे. लेखक गोरा की आफ्रिकन, ते कारणांसह लिहायचं. दहापैकी चार गुण मिळाले नाहीत तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं. मी दोन पानं भरून त्या गोऱ्याच्या तुच्छतेचे वाभाडे काढले. बाहेर आल्यावर वर्गातली वेसाव्याची कोळ्यांची मुलगी म्हणाली, "नाक धरायला गोरा कशाला हवा रे? बोंबील वाळत असले की आम्हीपण धरतो. मी आफ्रिकन लिहिलं." आता मला काहीच कळेना. सरांना जिन्यात गाठून विचारलं, "सर, नक्की कोण?" त्यांनी माझ्या हातातला उतारा पहिल्या वाक्यापासून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बघून सांगतो." आम्हा दोघांनाही सहा गुण मिळाले. पुढे मीही तोच विषय शिकवला. तोच उतारा देत असे, आणि दोन्ही उत्तरांना सहा गुण.