सीताबाईंनी बांधी दिली

चांदा जिल्ह्यातल्या ग्रामसेवक मित्रांनो, आज आमच्या गावात जे घडलं ते लगेच सांगतो.

जपानी पद्धतीनं धान रोवायला सरकारी बियाण्याची रोपं तयार होती, खतही आलं होतं. दोरी धरून ओळीत रोवायला कुणाच्या तरी शेतातली, चारी बाजूंनी बांध घातलेली एक बांधी हवी होती. पंधरा दिवस फिरलो, कोणी तयार होईना.

आज सकाळी सीताबाई स्वतःच आल्या. नवरा वारलेला, शेत म्हणजे दोनच बांध्या.

"माही एक घ्या, भाऊ."

दीर चिडला. "इतकं दूर दूर रोवून पिकलं नाई तं खाशील काय?"

"दुसरी बांधी हाये ना, भाऊजी. अन् नाई पिकलं तं मीच साऱ्यायले सांगीन, करू नोका म्हनून. पन पाह्यल्याबिगर कशी सांगू?"

दोरीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. रोवणाऱ्या बाया आधी हसल्या, मग कामाला लागल्या. संध्याकाळी बांधी पूर्ण झाली.

धान कसंही येवो, कापणीला सारं गाव त्या बांधावर आणणार आहे.

पंधरा दिवस मी फक्त पुरुषांनाच विचारत होतो. तुम्ही कोणाला विचारताय?