फुलीवर क्लिक केलं, तरी बाई बोलतच राहिली

माझ्या मेव्हण्याचा स्पीकर उत्तम होता. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच, कारण मेव्हणा तिचा भाऊ आहे आणि जेवायला मला तीच वाढते.

दिलीप, म्हणजे हा मेव्हणा, लालबागला साउंडचा छोटा धंदा करतो. करी रोडची आमची चाळ जाऊन टॉवर आला, टॉवरमध्ये हॉल आला, आणि हॉल आला म्हणजे कार्यक्रम आलेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिलीपने स्पीकर फुकट लावला होता. सेक्रेटरी परब त्याला म्हणाले होते, "आज आवाज नीट लागू दे, आपल्या माघी गणपतीचं काम तुझं." धंदा तसा मंदीत होता. दिलीपने त्या दिवशी स्पीकरला हार घातला. (नारळही फोडणार होता, पण खाली नव्या टाइल्स होत्या!)

वाण लुटून झालं की हाऊसी. आणि आकडे कोण काढणार? मी! लवकर निवृत्ती घेतल्यापासून मी व्हिडिओ बघून पायथन शिकत होतो. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. घरात माझं कुणी ऐकत नसल्यामुळे मला ती फार आवडली. तिच्यात मी हाऊसीचा प्रोग्राम लिहिला होता. लॅपटॉप टीव्हीला आणि स्पीकरला जोडला की टीव्हीवर खिडकी उघडायची, तीत भलामोठा आकडा यायचा आणि एक बाई तो मोठ्याने बोलायची. (बाई कॉम्प्युटरमधली. तरी बायकोने "ही कोण?" असं विचारलंच.)

"सात आणि चार, चौऱ्याहत्तर!" स्पीकरमधून बाई म्हणाली. टाळ्या! कोपऱ्यातून दिलीपने मला डोळा मारला.

तेवढ्यात सावंतवहिनी धावत आल्या. "ओ भावोजी, आम्हाला तिकीट तरी घेऊ द्या! परत पहिल्यापासून काढा ना."

"एवढंच ना?" म्हणत मी रुबाबात खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. खिडकी गेली. प्रोग्राम परत चालू केला. नवी खिडकी आली.

"तीन आणि सहा, छत्तीस!" बाई म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "एक आणि दोन, बारा!"

"छत्तीस की बारा?" सावंतवहिनी.

"छत्तीस. टीव्हीवर बघा."

"मग बारा कोण म्हणालं?"

"एको असेल," मी म्हणालो.

"छत्तीसचा एको बारा?" परबांनी विचारलं. (ते बँकेत होते.)

मी घाईघाईने पुन्हा फुली दाबली, पुन्हा प्रोग्राम चालवला. आता तीन बाया! एक सत्तावन्न म्हणतेय, दुसरी आठ, तिसरी त्र्याऐंशी, आणि तिघींचा गळा एकच! पुढच्या रांगेतल्या राणेआजी कानात बोट घालून म्हणाल्या, "गो, माका वाटला माझ्या कानातच काय झाला!" बायका ऐकू येईल तो आकडा कापत सुटल्या. मग "फुल हाऊस!" अशा तीन आरोळ्या एकदम उठल्या. बक्षिसाचा कुकर एकच. एकीने कुकर धरला, दुसरीने झाकण, तिसरी शिट्टी घेऊन बसली!

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आकडा दाखवणं आणि आकडा बोलणं ही दोन कामं मी प्रोग्राममध्ये वेगवेगळी ठेवली होती. फुली दाबली की फक्त खिडकी जात होती. बोलणारी बाई मागे तशीच चालू! फुली दाबल्यावर आधी बोलणं थांबव आणि मग खिडकी मिट, हे प्रोग्रामला आपण लिहून द्यावं लागतं. त्यावरचा व्हिडिओ मी "नंतर बघू" म्हणून सोडला होता.

"काय प्रकार आहे हा?" परब कडाडले. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "स्पीकर गडबड करतोय. शेजारच्या टॉवरची हाऊसी पकडतोय बहुतेक."

"भावोजी!" दिलीप किंचाळला. "वायरचा स्पीकर आहे तो! हवेतून काय पकडणार, डोंबल? थांबा, काढूनच दाखवतो!"

त्याने वायर उपटली. आता बाया लॅपटॉपमधूनच बोलायला लागतील, म्हणून त्याच क्षणी मी घाबरून लॅपटॉपचं झाकण मिटलं. हॉल चिडीचूप!

"बघितलंस?" परब म्हणाले. "स्पीकरच."

महिला मंडळ तडक शेजारच्या टॉवरमध्ये जाब विचारायला गेलं. तिथे कुणाच्या तरी तेराव्याचं जेवण चालू होतं. सगळ्या जेवूनच परत आल्या.

माघी गणपतीचं काम दुसऱ्याला गेलं. हार काढून स्पीकर टेम्पोत चढवताना दिलीप खालच्या आवाजात म्हणाला, "भावोजी, तुमचा प्रोग्राम एक नंबर होता हो. माझ्यामुळे वाट लागली."

"होतं रे असं कधीकधी," मी म्हणालो. वर त्याच्या पाठीवर हातही ठेवला!

तो व्हिडिओ मी नंतर बघितला. आता फुली दाबली की बाई निमूटपणे आधी गप्प होते. पण हाऊसीचे आकडे काढायला मला परत कुणी बोलावलेलं नाही.

दिलीपची जाहीर माफी मागणं माझ्याकडून बाकी आहे. सगळ्या सोसायटीसमोर, माईकवरून. फक्त त्यासाठी साउंड दिलीपचाच मागवावा लागेल. आमच्या नव्या साउंडवाल्याचा स्पीकर इतका खरखरतो की मी काय कबूल केलं, ते कुणाला कळायचंच नाही.