मामांचं लढाऊ हेलिकॉप्टर

परदेशातल्या एका सरकारने लढाऊ हेलिकॉप्टर घ्यावं की नाही, या काळजीने ज्याच्या घशाखाली भात उतरत नाही असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा लांज्याला राहतात. सैन्यात ते वायरलेसवर होते आणि निवृत्तीआधी वर्षभर शांतिसेनेतून आफ्रिकेत राहून आले. मध्यंतरी पेपरात बातमी आली, की कुठल्याशा छोट्या देशाचं सैन्य केवळ शांतता राखायला बाहेर जातं, त्याला आता लढाऊ हेलिकॉप्टरं हवी आहेत आणि तिथे त्यावरून वाद पेटलाय. मामांनी तो वाद त्याच दिवशी लांज्यात आणला.

मामा घेण्याच्या बाजूचे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला ते आधी हा प्रश्न विचारतात, मग गाव. धाकट्या भाचीला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, बघायला पाहुणे आले, तेव्हा पोहे यायच्या आत मामांनी नवऱ्या मुलाचं मत विचारलं. तो बिचारा म्हणाला, "मी बँकेत आहे." मामा म्हणाले, "असाल की. मत तर असेल?" शेवटी मामी आतून म्हणाल्या, "अवो, स्थळ बघतोय, सैन्यभरती नाय." मला घेऊन मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात सुरमई आणायला गेले, तर तिथेही कोळणीला प्रश्न. तिने कोयत्यावरून मान वर केली नाही. "भाऊ, हा कोयता हाय म्हणून कुत्री लांब बसल्येत. मारला नाय मी एकदाही." मामा इतके खूश झाले, की सुरमई तिथेच विसरून आले आणि घरी पोचेपर्यंत मला म्हणत राहिले, "जावईबापू, याला म्हणतात तज्ज्ञ."

अखेर लांज्याच्या वाचनालयाने याच विषयावर रविवारी चर्चा ठेवली. विरुद्ध बाजूला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. मामा आठवडाभर हवेत होते. गणवेशाची जुनी पॅन्ट पोटावर बसेना, तर तिला नाडी लावून घेतली. सभेला वीसेक माणसं. बाई शांतपणे म्हणाल्या, "शांततेला गेलेला माणूस तोफा घेऊन उतरला, तर लोकांनी त्याला ओळखायचं कसं?" मामा ताडकन उठले आणि आफ्रिकेतली एक हकिकत सांगू लागले. त्यांच्या छावणीच्या कुंपणाआड एक गावच्या गाव जीव मुठीत धरून आलं होतं. बाहेर बंदूकवाले. तीन दिवस मामा वायरलेसवर हेलिकॉप्टर मागत होते. चौथ्या दिवशी दुपारी ते आलं, डोक्यावरून दोन घिरट्या घातल्या, एक गोळी झाडली नाही, आणि बंदूकवाले पार दिसेनासे झाले. सांगताना मामांचे दोन्ही हात पंख्यासारखे फिरत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर बाईंनी विचारलं, "आणि आतल्या लोकांनी काय केलं?"

मामांचे हात खाली आले. "ती माणसंही पळाली," ते म्हणाले. "हेलिकॉप्टर कुणाचं, त्यांना काय ठाऊक? मागचं कुंपण वाकवून रानात गेली. मी ओरडत होतो, आपलंच आहे, आपलंच आहे. पण ओरडत होतो मराठीत."

मग बाईंनीच हळूच विचारलं, "म्हणजे घेऊ नये?"

"घ्यावं," मामा म्हणाले. "नसतं तर त्या दिवशी आम्ही कुणीच उरलो नसतो. पण ते येण्याआधी त्यांच्या भाषेत सांगणारं माणूस पाठवावं. आम्ही हेलिकॉप्टर मागितलं, पण असं माणूस मागायचं सुचलं नाही." बाईंनी मान डोलावली, आणि चर्चा कोण जिंकलं हे ठरवायचं सगळ्यांच्याच मनातून गेलं.

आम्ही चालत घरी निघालो. वाटेत मामा प्रथमच हेलिकॉप्टर सोडून दुसरं काही बोलले. त्या गावातली एक म्हातारी गाव छावणीत येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांना रोज सकाळी भाजलेलं मक्याचं कणीस आणून द्यायची. वायरलेसच्या सेटपाशी बसायची, त्यांच्याकडे बघून हसायची. गेली तेव्हा तीही रानातच गेली.

"परत आली?" मी विचारलं.

"काही माणसं आली. ती नाही दिसली." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, दिवसभर वायरलेसवर मी कुणाकुणाची नावं विचारायचो. तिचं तेवढं विचारायचं राहिलं."

मग ते रस्त्याच्या कडेला थांबले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.