मागे राहिलेल्यासाठी थांबणारी

दारात उभी राहून ती आधी कपाळावर आडवा हात धरायची. लांबच्या शिवारात काही शोधावं तशी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बघायची आणि म्हणायची, “सर्वे जमले काय? मंग निंगू.”

आर्णीला आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे माझं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान. मागे आम्ही राहतो. बायको दवाखान्यात नर्स, तिच्या ड्युटीचा नेम नाही. शाळा सुटली की तिन्ही पोरं माझ्या गळ्यात. मोठी तनू दहाची, मधला ओम सातचा, धाकटी चिमी जेमतेम अडीचची. तनू आपल्या खेळात ओमला घ्यायची नाही, ओमचा खेळ चिमी मोडायची, आणि गिऱ्हाईक ब्रेक शू मागत असताना मागून रडण्याचे तीन वेगवेगळे सूर यायचे. तीन वयांची पोरं ज्यांनी एका खोलीत सांभाळली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको.

ती म्हातारी शेजारच्या नव्या घरात एकटी राहायची. मुलानं घर बांधून तिला बंजाऱ्यांच्या तांड्यावरून इथं आणलं होतं, दवाखाना जवळ म्हणून. तो स्वतः हैदराबादला. तांड्यावरची माणसं बाजाराच्या दिवशी तिला भेटायला येत, तेव्हा ‘याडी’ म्हणत. तनूनं तेच उचललं. “अवं, याडी म्हंजे आई. मले आजी म्हन,” असं तिनं सांगून पाहिलं, पण पोरं ऐकतात थोडीच? मग मीही याडीच म्हणू लागलो.

एके दिवशी पोरांचं रडणं ऐकून ती आली. मला वाटलं, तक्रार घेऊन आली. तिनं पलंगावरच्या उशा खाली ओढल्या. “हे बैल. समिंदरावर जाऊन मीठ आनाचं हाय. चाला.”

तिच्या आजेसासऱ्यानं म्हणे खरोखरच बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. तिनं स्वतः मात्र आयुष्यभर कापूसच वेचला. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता आणि त्यामुळे तिचं काही अडलंही नाही. आमच्या मोरीपाशी तो सुरू व्हायचा.

तनू नायक. वाट कुठून काढायची ते तिनं ठरवायचं. ओमनं डाळीच्या पुरचुंड्या बैलांवर बांधायच्या आणि वाघ आला तर हाकलायचा. चिमीच्या हातात स्टीलचा पेला आणि चमचा. ती पुढच्या बैलाची घंटा. आणि नियम एकच, तो याडी रोज सांगायची, “सर्वायत लहान जो असन, त्याच्या पायानं तांडा चालते. कोनाले मांगं टाकून निंगाचं नाही.”

पाहा, कशी गंमत. जी चिमी प्रत्येक खेळ मोडायची, तिच्याच लहरीवर हा खेळ चालायचा. ती मध्येच फतकल मारून बसली की मुक्काम. काहून बसली, असं कोणी विचारायचं नाही. तनूनं चूल मांडायची, ओमनं पहारा करायचा. एकदा चिमी दुकानाच्या उंबऱ्यावरच झोपली. मग काय, मुक्काम तिथेच. दोघांनी तिच्या उशाशी बसून गृहपाठ केला आणि गिऱ्हाइकं तांडा ओलांडून आत आली.

“याडी, तुम्ही तुमच्या मुलाशीही असंच खेळायच्या का?” मी एकदा विचारलं.

“एकुलत्या एकाचा कुठं तांडा होते, बापू? अन् मी वावरात.” मग म्हणाली, “आता त्याचे दोघं हायेत. पोरगा मोठा, पोरगी लहान. फोनसाठी भांडतेत म्हने. इथं आले का असंच खेळवीन त्यायले.”

“म्हणजे आमची पोरं तालमीला?”

“हो त,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. पण चेष्टा नव्हती ती. नातवंडांना एकदा आपल्यासोबत चालवायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

दिवाळीला मुलगा-सून नातवंडांना घेऊन आले. दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या तिघांना बोलावणं आलं. मी फराळाचा डबा घेऊन मागोमाग गेलो, तर बैल लादून तयार. पेला-चमचा आज तिच्या नातीच्या हातात होता. पाच वर्षांची पोरगी, डोळे नुसते चमकत होते. बारा वर्षांचा नातू कानात इयरफोन घालून सोफ्यावर. पोरगा वाईट नव्हता. “आप लोग खेलो ना, दादी,” असं नीट बोलला.

“तू आला का निंगू,” याडी म्हणाली आणि खाली बसली.

तो आला नाही. ती उठली नाही. नात एक पाय पुढे टाकून उभी होती. मी हळूच म्हटलं, “याडी, निघू द्या न यांना.”

“एक मांगं ठेवून कसं निंगाचं, बापू?”

तेवढ्यात सुनेनं जेवायला हाक मारली. हैदराबादच्या वाटेवरचं पांढरकवडा उजेडात गाठायचं होतं. पोरीनं पेला खाली ठेवला. दुपारी गाडी गेली.

संध्याकाळी ती दुकानात येऊन बाकावर बसली. “पोरगी उभीच होती. अन् मी येनाऱ्याले सोडून न येनाऱ्याची वाट पायत बसली.” मग स्वतःशीच, “पुढच्या दिवाळीले तिलेच घेऊन निंगतो. त्याले इचारत बी नाही.”

पुढच्या दिवाळीला मुलाला सुट्टी मिळाली नाही. उन्हाळ्यात पोरांचे क्लास. त्यापुढची दिवाळीही तशीच गेली. फोनवर नातीची मराठी दोन वाक्यांत संपायची आणि याडीचं हिंदी बाजारापुरतं. इकडे तनू शिकवणीला जाऊ लागली, ओमला मैदान सापडलं, चिमीही शाळेत गेली. याडी दारात येऊन विचारायची, “कोनी हाय काय?” कोणी नसायचं. मग ऑइलच्या डब्यांशेजारी माझ्यासोबत बसून राहायची. त्या बसण्यानं माझ्या जिवाला फार लागायचं. मी चहा मागवायचो. दुसरं काय करणार?

या हिवाळ्यात ती झोपेतच गेली. मुलगा सगळ्यांना घेऊन आला. तिच्या इच्छेप्रमाणे तिला तांड्यावर नेलं. आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी दुकान अर्धंच उघडलं.

थोड्या वेळानं तिची नात एकटीच आली. आता सात वर्षांची झालेली. काउंटरपाशी तनू होती, तिच्या फ्रॉकला हात लावून तिनं विचारलं, “दीदी, उस दिन हम निकले नहीं थे ना. निकलते, तो दादी हमें कहाँ ले जाती?”

तनूनं माझ्याकडे पाहिलं. याडीनं दोन वर्षं ज्या पोरीची वाट पाहिली ती स्वतःहून विचारायला आली होती, आणि सांगणारीला आम्ही दुपारीच पोचवून आलो होतो.