भिशीतला नंबर, सहाशे रुपयांना

बारा वर्षं मी भिशी चालवते आणि आजवर कुणाचा एक रुपया बुडालेला नाही. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, त्याला इलाज नाही. उचगावातल्या आमच्या आणि मागच्या गल्लीतल्या मिळून बारा बायका, महिन्याला पाचशे, दहा तारखेला माझ्या घरी. सहा हजार जमले की डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि जिचं नाव निघेल तिनं ते घेऊन जायचे. पुढच्या महिन्यापासून तिचं नाव डब्यातून बाद, पण पाचशे मात्र वर्षभर भरायचेच. पहिल्या महिन्याची रक्कम बिनचिठ्ठीची माझी, कारण एखादीनं ऐनवेळी हात वर केले तर पदरचे घालायचे मी. सगळीकडं हाच रिवाज आहे. वर जयसिंगपूरचा भडंग, चहा आणि दोन तास गप्पा.

माझी पोरगी तेव्हा नववीत होती. शाळेत बँकेतला कुणीतरी माणूस येऊन पैशाचं नियोजन शिकवून गेला. घरी आल्याआल्या पोरीनं मला गरज आणि हौस यांतला फरक समजावून सांगितला. त्याच संध्याकाळी माझ्याकडून दीडशे रुपये घेऊन माझ्याच मोबाईलला नवीन कव्हर आणलं. आधीचं चांगलं धडधाकट होतं! मला असा संताप आला की काय सांगू. वहीत सुवाच्य अक्षरात लिहून पैसा कळत असता तर अजून काय पाहिजे होतं?

तेवढ्यात आमच्यातली एक बाई पुण्याला राहायला गेली आणि भिशीत एक जागा रिकामी झाली. मी पोरीला म्हटलं, "ही जागा तू घे. पाचशे तुझे तू कमवायचेस."

"कुठनं कमवू?"

"मी साड्यांना फॉल-पिको करतो. हातशिलाई तू कर. साडीमागं तीस रुपये."

(आमच्या कोल्हापूरकडं बायकापोरीही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. बोलणं मी तसंच लिहिते आहे.)

महिन्याला सतरा-अठरा साड्या. पहिल्या महिन्यात तिनं बोटं टोचून घेतली, रडली, फॉल उलटा लावला, मी उसवायला लावला, परत रडली. पण पाचशे भरले. दहा तारखेला बायकांच्यात मांडी घालून बसायची आणि आपली नोट सगळ्यांत शेवटी, दोन्ही हातांनी द्यायची. मी शिलाई मशीनवर बसून तिला ऐकवायचे, की पैसा मागायची पाळी येऊ नये म्हणून साठवायचा, आणि कुणाला गरज लागली तर मोकळ्या हातानं द्यायचा. माझं ऐकून ऐकून तिचे कान किटले असणार.

पाचव्या महिन्यात तिची चिठ्ठी निघाली. सहा हजार हातात घेतले तेव्हा पोरगी हसायचंसुद्धा विसरली. दुसऱ्या दिवशी मात्र मला म्हणाली, "मम्मी, मी माझा नंबर काकूंना दिला. त्यांची चिठ्ठी निघंल तेव्हा पैसे माझे."

ही काकू म्हणजे मागच्या गल्लीतली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान बाई, भिशीत पहिल्यापासून आमच्याबरोबर. तिला विचारूनच मी हे लिहिते आहे, आणि विचारायचा धीर व्हायला मला दोन वर्षं लागली.

नंबर बदलून देणं आमच्यात नवीन नाही. एखादीला अडचण असते, ती चारचौघींत बोलत नाही. सगळ्या गेल्या की कपबशा विसळायच्या निमित्तानं मागं राहते आणि जिची चिठ्ठी निघाली तिला हळूच विचारते. काय नड आहे ते सांगते. मग ती देते. त्याचे पैसे कुणी घेत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या पोरीनं हे न सांगता केलं म्हटल्यावर मी हवेतच गेले. भाजीच्या गाड्यावर दोघींना सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, माहेरी फोन करून सांगितलं. नवरा म्हणाला, "आता पुरे की. गल्लीत बोर्ड लावायचा राहिलाय तेवढा." मी त्यालाच झापलं.

आठवड्यानं मी खडू शोधायला पोरीच्या दप्तरात हात घातला. वहीच्या कव्हरात सहाशे रुपये. शंभराच्या सहा नोटा, घडी घातलेल्या.

"हे कुठले गं?"

तिनं सुईत नवीन दोरा ओवायला घेतला.

"कुठले म्हणतो मी!"

"नंबर दिला काकूंना, त्याचे."

सहा हजारावर सहाशे! एवढुशी पोर आणि अडल्या बाईकडून पैसे काढते? मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सावकारीण म्हटलं. मला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हटलं. ती खाली मान घालून फॉल लावत राहिली आणि मी जास्तच पेटले. हातातली साडी हिसकावून घेतली तेव्हा कुठं तिनं वर बघितलं.

"पहिली भिशी तू बिनचिठ्ठीची घेतीस. दहा वर्षं. ती चालती व्हय?"

"ती माझी जोखीम हाय!"

"कधी भरलेस पदरचे?"

एकदाही भरायची वेळ आली नव्हती. मी हात उगारला, मारलं नाही, पण उगारला. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

त्यानंतर मला काही केल्या बसवेना. मशीनवर बसले तर दोरा दोनदा तुटला. उठले, ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. जिला मी एवढं शिकवलं ती अशी निघाली, की मीच असं काहीतरी शिकवलं जे मला माहीत नाही? आणि जिनं सहाशे दिले ती काकू गल्लीत कुणाकुणाला बोलली असेल? खरं सांगायचं तर ही दुसरी काळजी पहिलीपेक्षा मोठी होती. आज लिहिताना लाज वाटते, पण होती. शेवटी सहाशे मुठीत घेतले, पायात चपला सरकवल्या आणि मागच्या गल्लीत गेले.

काकू दारात लसूण सोलत बसली होती. मी उभ्याउभ्याच नोटा तिच्या सुपात ठेवल्या. "पोरगीची चूक झाली. लहान हाय. हे तुझे तुला."

तिनं नोटांना हात लावला नाही. "आत या अक्का," म्हणाली आणि मी आत गेल्यावर दार लोटून घेतलं.

"पोरगीला बोलला न्हाईसा न्हवं?"

"बोलू नको तर काय ओवाळू?"

ती खाली बसली. बरोबर आणलेलं लसणाचं सूप पुढ्यात ठेवलं. मला तर कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. मग तिनं पदर बाजूला करून गळ्यातलं मंगळसूत्र माझ्यासमोर धरलं.

"हे एक ग्रॅमचं हाय. खरं तारण ठेवलंय. यांचं काम सुटून चार महिने झालं. व्याज थकलंतं, नोटीस आलती. त्या पैशानं तेवढं भागलं."

रोज सकाळी तिचा नवरा डबा घेऊन बाहेर पडताना मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

"पोरगी सहाशे घेत न्हवती अक्का. न्हाय म्हणजे न्हाय म्हणत हुती. मीच तिच्या हातात कोंबलं. म्हटलं, फुकट घेतलं की तुझी आई कशाला म्हणून विचारणार. पैसं देऊन घेतलं की व्यवहार झाला, कुणाला काय सांगायला लागत न्हाय. शपथ घातली तिला."

"अगं, मला सांगायचंस. मी दिलं नसतं का?"

"दिलं असतं की." तिनं लसणाची एक पाकळी उचलली, परत ठेवली. "गेल्या साली दिलंच की तुम्ही. माझ्या थोरलीच्या फीला. मग गिरणीत मला बायका विचारायच्या, भरली का गं फी. माझ्या जावंनं विचारलं. थोरलीला तिच्या मैत्रिणींनी विचारलं. तुम्ही वाईट म्हणून न्हाय सांगितलासा, मला ठावं हाय. पण अक्का, त्यापरीस सहाशे स्वस्त पडलं मला."

ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कधीच कमी पडत नाही. पण ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. आणि हेसुद्धा ती सांगायची नव्हती. माझ्या पोरीवर आळ आला म्हणून तिनं आपला गळा मला उघडून दाखवला. मी नोटा तिथंच ठेवल्या. तिनं त्या परत माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "तिला द्या. तिच्या हक्काच्या हायत." मी घेतल्या.

परत येताना वाटेत दोघीतिघी भेटल्या. एकीनं विचारलं, "काय ओ, आज इकडं कुठं?" एवढा साधा प्रश्न. कोथिंबीर बघायला आलतो म्हणाले.

पोरगी बाहेर येऊन बसली होती. उरलेला फॉल लावत होती. डोळे सुजलेले. मी तिच्यासमोर बसले आणि सहाशे रुपये तिच्या मांडीवर ठेवले.

"लई बोललो तुला," मी म्हणाले.

तिनं नोटांकडं बघितलंसुद्धा नाही. सुई साडीत तशीच खोचून ठेवली.

"काकूंनी सांगितलं तुला?"

"व्हय."

"सगळं?"

"सगळं."

ती माझ्याकडं बघत राहिली. एवढं ऐकून घेतल्यावर आता माझ्यावर चिडेल, रडेल असं मला वाटलं. मी तयारीतच होते. पण तिला स्वतःला बोललेल्याचं काहीच नव्हतं. ती घाबरली होती.

"मम्मी," ती म्हणाली, "तू कुणाला सांगणार न्हाईस न्हवं?"