श्रद्धाने स्विचकडे हात नेला

ग्रुपमधल्या इंजिनिअर मंडळींनो आणि इंजिनिअरिंगला मुली असलेल्या आईबाबांनो, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आज गुरुग्रामच्या ऑफिसला दांडी मारून इथल्याच एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची परीक्षक म्हणून गेले होते. एका टीमने भुईमुगाच्या शेंगा फोडायचं मशीन केलं होतं. टीममध्ये तीन मुलं आणि परभणीची श्रद्धा. कल्पना तिचीच, कारण तिची आई घरी हाताने शेंगा फोडते.

प्रेझेंटेशन श्रद्धाने केलं. मग मुलं मशीनकडे सरकली. हे नेहमीचंच आहे, मुलगी बोलणार आणि मुलं मशीन चालवणार.

मी म्हटलं, "मशीन श्रद्धा चलाएगी."

त्यांचे सर हळूच म्हणाले, "मॅडम, मशीन बिगड़ जाएगी." एक मुलगा म्हणाला, "मैम, इसको चोट लग जाएगी."

श्रद्धाने स्विचकडे हात नेला आणि आधी त्या तिघांकडे पाहिलं. परवानगीसाठी.

बटण दाबल्यावर थोड्याच वेळात शेंगा अडकल्या आणि मशीन घरघरायला लागलं. तो मुलगा पुढे धावला, मी हात आडवा घातला. श्रद्धाने मशीन बंद केलं, पण झाकण कुठून उघडतं तेच तिला कळेना. शेवटी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मॅडम, मला हे कधी उघडूच दिलं नाही."

सर म्हणतायत, चौघांना सारखेच मार्क द्या, अच्छी टीम है. मी अजून दिलेले नाहीत. तुम्ही सांगा, मार्क कोणाचे कापू? तिचे, त्या तिघांचे, की सरांचे?