राबावरचं औषध

मालकानं पायानं डबा आमच्याकडं ढकलला.

"घ्या. तुमचा माठ."

पत्र्याचा, झाकणाचा डबा. आदल्या दिवशी त्यातलं औषध त्यानं राबावर, भाताच्या कोवळ्या रोपांवर, फवारलं होतं. ते मी पाहिलं नव्हतं. आईनंही नव्हतं.

आईला डबा आवडला. आम्ही दुष्काळात मजुरांच्या टोळीनं घाट उतरून कर्जतकडं आलेलो. गावी रॉकेलच्या डब्यातनंच पाणी आणायचो, त्यामुळं वासाचं कुणाला काही वाटलं नाही. आईनं राखेनं घासला. म्हणाली, "जाईल वास दोन दिसात."

वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं येई, त्यावर उन्हाळी भात. आम्हाला ज्वारी ठाऊक, लावणी इथं शिकलो. राहायला बांधावर खोपी. विहीर समोरच, पण आम्ही बौद्ध. दोराला हात लावायचा नाही. मालकाचा गडी वरून ओतायचा, आम्ही खाली डबा धरायचा. गावातल्या बायांना वेगळा माठ होता.

डब्यातलं पहिलं पाणी आईच प्यायली. दुपारी तिला ओकारी सुरू झाली. तोंडातून लाळ. हात थरथरत होते, रोपाची मूठ धरवेना. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. मालक सोबत आला. डॉक्टरनं मला विचारलं, काय खाल्लं? मालकच बोलला.

"शिळंपाकं खाल्लं असेल. या लोकांचं असंच."

डॉक्टरनं मान हलवली. मी सातवी शिकलेली, तरी मलाही तसंच वाटलं.

परतल्यावर गावातली एक बाई बांधावर भेटली. डब्याकडं बघून म्हणाली, "अगं बाय, त्यात औषद होतं. मालकाला ठावं हाय."

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"मला कुणी इचारलं?"

आई वाचली. बोटांची थरथर गेली नाही. पुढं तिच्याच्यानं लावणी झाली नाही.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या सकाळी मालक ओरडत आला. उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावर पडून होत्या. ऊन चढलं की त्या माना टाकतात. आमची टोळी खोपीतच बसलेली. मी म्हटलं, "विहिरीचं पाणी आमचं आम्ही काढू. मग शेतात उतरू."

तो हसला. "घाटावर थेंब नव्हता प्यायला. इथं मिळतंय तर नखरे."

मी उठले. विहिरीवर गेले. दोर सोडला.

"बादली ठेव," मालक म्हणाला.

"ठेवते. प्यायल्यावर."

प्यायले. टोळीतल्या सगळ्यांना दिलं. पाण्याला काही झालं नाही. गावातल्या बाया उभ्या राहून बघत होत्या. त्यांनीही लावणीला हात घातला नाही.

वाटलं, जिंकलो. दुपारी टेंपोतून दुसरी टोळी आली. आमच्यासारखीच, घाटावरची. मालकानं त्यांच्यापुढं तोच डबा ठेवला. मी ओरडून सांगितलं, तर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "पोरी, आमचं पोट नको मारूस." मालकानं आम्हाला सामान उचलायला लावलं.

त्यानंतर मी कर्जतच्या तहसील कचेरीत गेले. साहेबानं ऐकून घेतलं. म्हणाला, मजुरांना स्वच्छतेच्या सवयी लावायला हव्यात. पुढं एकदा त्याच मालकाच्या खोपींवर आरोग्य शिबिर झालं. तिथल्या नव्या टोळीला साबणाच्या वड्या वाटल्या. हात कसे धुवायचे ते दाखवलं. कुठल्या पाण्यानं, ते नाही. विहिरीचा दोर होता तिथंच राहिला, फवारणारा उघड्या हातानंच औषध कालवत राहिला.

आता हंगामाच्या तोंडाला मी घाटाखालच्या शिळफाट्यावर उभी असते. घाटातून टोळ्या तिथंच उतरतात. मुकादम पोचायच्या आत त्यांना गाठते. आधी पाणी कुठलं ते विचारा, म्हणते. औषध कोण कालवणार, हातात काय घालणार, ते विचारा. मगच रोपाला हात लावा.

"बाई, आधी काम तर मिळू दे," म्हणतात. बरेचसे ऐकत नाहीत. टेंपोत बसून निघून जातात.

मुकादम म्हणतो, ही टोळ्या बिघडवते.

बिघडवते. एका टोळीनं नाही म्हटलं की मालक दुसरी आणतो, हे मी बघितलंय. दुसरीनंही नाही म्हणायला हवं. तिसरीनंही. त्याला आणायला टोळी उरत नाही, तोवर मी बिघडवणार.